आय-४८५ अडकलेला असताना नोकरी बदलायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे सांगलीचे, आता डॅलसजवळ राहतात. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, ऑगस्ट २०१४. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी ईबी-३ मधून, म्हणजे नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डाच्या तिसऱ्या श्रेणीतून, स्वतःचा, पत्नीचा आणि मुलाचा आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, भरला, अजून कार्ड आलेलं नाही. स्वतः एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, पत्नी ईएडीवर, म्हणजे आय-४८५ च्या आधारावर मिळणाऱ्या वर्क परमिटवर, नोकरी करते, मुलगा बारावीत. आता दुसऱ्या कंपनीने इंजिनियरिंग मॅनेजरची ऑफर दिली आहे. सध्याच्या कंपनीत कोणीतरी सांगितलं, "तुम्ही गेलात की आम्ही आय-१४० मागे घेणार, मग ग्रीन कार्ड विसरा." त्यांनी विचारलं आहे, "अकरा वर्षं रांगेत काढली. आता नोकरी बदलली तर सगळं पाण्यात जाईल का?"

मी न्यू जर्सीत इमिग्रेशनची वकिली करते आणि या प्रश्नाने रात्रीची झोप उडालेली माणसं जवळजवळ रोज भेटतात. म्हणून आधी उत्तर देते, मग कारणं. तुम्ही दिलेली माहिती बरोबर असेल तर पाण्यात काही जात नाही. आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी भरलेला अर्ज, मागे घेण्याच्या धमकीला तुमच्या बाबतीत फारसा अर्थ उरलेला नाही. जपायचं आहे ते दुसऱ्याच दोन ठिकाणी: नवीन नोकरीचं काम कागदावर कसं मांडलं जातं, आणि कार्ड येईपर्यंत तुम्ही अमेरिकेत कशाच्या आधारावर काम करता. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं वाचून झालं की तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून, म्हणजे कंपनीने नेमलेल्या नव्हे, एकदा तपासून घ्या.

आधी धमकीचं बघू. ग्रीन कार्डाच्या वाटेवर तीन टप्पे असतात. पहिलं पर्म, म्हणजे या जागेला योग्य अमेरिकी माणूस मिळाला नाही हे दाखवणारा अर्ज; ते कंपनी श्रम खात्याकडे भरते. आय-१४० कंपनी यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशन खात्याकडे, भरते. तिसरा आय-४८५ मात्र तुम्ही भरता, सही तुमची असते, अर्ज तुमचा असतो. पहिले दोन कागद कंपनीचे असल्यामुळे सगळंच कंपनीच्या हातात आहे असा समज पक्का झालेला आहे. २००० सालापर्यंत तो बराचसा खराही होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एसी२१ हा कायदा झाला आणि त्यातून कलम २०४(जे) आलं. आय-४८५ भरून १८० दिवस उलटले, आणि नवीन नोकरी जुन्यासारखीच किंवा तिच्या जवळची असेल, तर तोच अर्ज नव्या नोकरीवर पुढे चालतो. पर्म पुन्हा नाही, आय-१४० पुन्हा नाही. पुढे १७ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, किंवा आय-४८५ भरून १८० दिवस झाले असतील, तर कंपनीने आय-१४० मागे घेतला तरी तो आपोआप रद्द होत नाही. तुमच्या बाबतीत १८० दिवस नाही, पाच वर्षं झाली आहेत.

याला अपवाद आहेत आणि ते लपवून चालणार नाही. मूळ अर्जात फसवणूक झाली असेल, खोटी माहिती दिली असेल, पर्मच रद्द ठरलं असेल किंवा मंजुरी देताना यूएससीआयएसकडून मोठी चूक झाली असेल, तर आय-१४० कधीही रद्द होऊ शकतो, आणि मग प्रायॉरिटी डेटही जाते. जुनी कंपनी चौकशीत सापडलेली असेल, तुमच्या नावावर दाखवलेला अनुभव खरा नसेल, तर मी वेगळा सल्ला देईन. प्रामाणिकपणे झालेल्या अर्जाला ही भीती फारशी नसते.

आता खरा मुद्दा. "जुन्यासारखीच किंवा तिच्या जवळची" म्हणजे नेमकं काय? कायद्यात याची गणिती व्याख्या नाही. अधिकारी सगळं एकत्र बघून ठरवतो: कामाचं स्वरूप, लागणारं शिक्षण आणि कौशल्य, पगार, आणि श्रम खात्याच्या व्यवसाय-वर्गीकरणातला, म्हणजे एसओसीचा, कोड. तुमच्या २०१४ च्या पर्मवर बहुधा १५-११३२ असेल, म्हणजे सॉफ्टवेअर डेव्हलपर, ॲप्लिकेशन्स. नव्या वर्गीकरणात ते काम १५-१२५२ मध्ये येतं. मॅनेजरच्या जागेला कंपन्या सहसा ११-३०२१ लावतात, कॉम्प्युटर अँड इन्फर्मेशन सिस्टिम्स मॅनेजर. सुरुवातीचे आकडेच बदलले की लोक घाबरतात: पंधराचे अकरा झाले, म्हणजे गेलंच. तसं नाही. मार्च २०१६ मध्ये यूएससीआयएसने याच विषयावर जे मार्गदर्शन काढलं, त्यात बढतीचा विचार स्पष्टपणे केला आहे. माणूस जे काम करत होता तेच काम करणाऱ्या लोकांवर तो आता देखरेख करत असेल, तर ती त्याच मार्गावरची प्रगती मानता येते.

पण "मानता येते" आणि "मानली जाते" यांच्या मधली जागा कागदाने भरावी लागते. मी काय करते ते सांगते. अशिलाला पर्मची प्रत आणायला लावते, त्यातलं कामाचं वर्णन डावीकडे ठेवते आणि नव्या ऑफरमधलं उजवीकडे. मग पेन्सिलीने ओळी जोडते. गेल्या वर्षी एका बाईंचं काम असंच होतं. डावीकडे होतं: जावामध्ये सर्व्हर-साइड कोड लिहिणे, डेटाबेसची रचना, युनिट टेस्टिंग, प्रॉडक्शनमधले दोष सोडवणे. उजवीकडे नव्या कंपनीच्या एचआरने पाठवलेलं छापील वर्णन: "स्ट्रॅटेजिक व्हिजन ठरवणे, स्टेकहोल्डरशी संवाद, टीमची वाढ, बजेट." एकही रेघ जोडता येईना. बाईंना विचारलं, रोज प्रत्यक्षात काय करणार आहात? म्हणाल्या, आठ डेव्हलपर माझ्या हाताखाली असतील, त्यांचा कोड मी रिव्ह्यू करणार, सिस्टिमचं डिझाइन माझं, रिलीज माझी, आणि निम्मा वेळ तरी स्वतः कोडमध्ये असणार. हे सगळं खरं होतं, फक्त कागदावर कुठेच नव्हतं. एचआरने कुठल्या तरी जुन्या जाहिरातीतला मजकूर चिकटवला होता. त्यांच्या नव्या डायरेक्टरशी बोलून खरं काम, कुठल्या कामाला साधारण किती टक्के वेळ, हाताखालच्या लोकांची पदं, हे सगळं पत्रात उतरवून घेतलं. मग पाच रेघा जोडल्या गेल्या.

हे सजवणं नव्हे, हे नीट समजून घ्या. जे काम तुम्ही करणार नाही ते पत्रात लिहायचं नाही. पण करणार आहात ते पत्रात नसेल तर अधिकाऱ्याला ते कळायला दुसरा मार्ग नाही.

तुमची ऑफर इंजिनियरिंग मॅनेजरची आहे आणि टीम सॉफ्टवेअरचीच असणार, त्यामुळे मला ती चांगली वाटते. याउलट प्रॉडक्ट मॅनेजर, सेल्स इंजिनियर, ॲक्चुअरीकडून डेटा सायन्सकडे अशा उड्या आल्या की मी जास्त वेळ घेते आणि कधी कधी नको म्हणते. पगार वाढला म्हणून अर्ज अडत नाही. पगारात फार मोठी तफावत असेल तर अधिकारी तीही बघतो, पण इतक्या वर्षांनंतर वाढलेला पगार कुणालाही समजावून सांगता येतो. गाव आणि राज्य बदललं तरी चालतं. कंपनी लहान आहे, नवी आहे, यालाही हरकत नाही. नोकरी मात्र खरी, पूर्ण वेळ आणि कायमस्वरूपाची हवी.

हे सगळं यूएससीआयएसला कळवायचा कागद म्हणजे आय-४८५ ची पुरवणी जे, सगळे त्याला सप्लिमेंट जे म्हणतात. तुमची आणि नव्या कंपनीची सही लागते, फी नसते. आणि इथे माझं तुम्हाला आग्रहाचं सांगणं आहे: राजीनामा द्यायच्या आधी, ऑफर स्वीकारायच्याही आधी, नव्या कंपनीकडून लेखी विचारून घ्या की सप्लिमेंट जे वर तुम्ही सही कराल का. काही मोठ्या कंपन्यांचं धोरण असं असतं की आधी त्यांचे वकील तपासतील, मग बघू. काहींच्या एचआरला हे काय असतं तेच माहीत नसतं. जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनी "आमच्याकडे असं करत नाहीत" हे ऐकायची वेळ मी लोकांवर आलेली पाहिली आहे. ईमेलमधली एक ओळ पुरेशी आहे, पण ती आधी हवी.

सप्लिमेंट जे लगेच भरायचं की यूएससीआयएसने मागेपर्यंत थांबायचं, यावर वकिलांत दोन मतं आहेत. थांबा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की तारीख करंट नसताना, म्हणजे तुमचा नंबर लागलेला नसताना, उगाच फाइल कशाला उघडायला लावायची, आणि तेवढ्यात पुन्हा नोकरी बदलली तर पुन्हा भरावं लागेल. यात तथ्य आहे. तरी मी जॉइन झाल्यावर महिना-दोन महिन्यांत भरायला लावते. कारण जुनी कंपनी खरंच आय-१४० मागे घेते तेव्हा यूएससीआयएसच्या फाइलमध्ये तेवढाच एक कागद असतो: कंपनी म्हणते, हा माणूस आमच्याकडे नाही. त्याच्या शेजारी तुमचा कागद असावा असं मला वाटतं.

दुसरं कारण टपालाचं. आय-४८५ भरताना बहुतेकांचा वकील कंपनीचाच असतो आणि यूएससीआयएसचं पत्र त्याच्याकडे जातं. एडिसनचे एक गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा अर्ज नामंजूर झालेला होता. विचारणा करणारं पत्र, आरएफई, जुन्या कंपनीच्या वकिलाकडे गेलं होतं. गृहस्थांनी नोकरी सोडून दीड वर्ष झालं होतं, त्या ऑफिसात ते पत्र कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिलं आणि उत्तराची मुदत उलटून गेली. पुढे अर्ज पुन्हा उघडून घेतला, पण त्या चार महिन्यांत त्यांच्या घरात काय चाललं होतं ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून नोकरी बदलली की नव्या वकिलाचा जी-२८, म्हणजे आता आपला वकील कोण ते कळवणारा फॉर्म, भरा, आणि घर बदललं तर दहा दिवसांच्या आत पत्ता कळवा.

आता पायाखालची जमीन. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत: एच-१बी ट्रान्सफर करून जाणं, किंवा ईएडीवर जाणं. ईएडी सोपं वाटतं, नव्या कंपनीला काही भरावं लागत नाही. पण ईएडी उभं आहे ते आय-४८५ च्या आधारावर. अर्ज काही कारणाने नामंजूर झाला तर ईएडीही जातं, आणि एच-१बी आधीच सोडलेलं असतं. एच-१बीवर असाल तर तशा वेळी तुम्ही निदान कायदेशीररीत्या इथेच राहून, नोकरी करत दुरुस्ती करू शकता. एच-१बीची सहा वर्षांची मर्यादा कधीच संपली म्हणून ते पुढे मिळणार नाही, असं समजू नका. मंजूर आय-१४० असताना आणि तारीख करंट नसताना तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते, आणि ती नवी कंपनीही तुमच्या जुन्या आय-१४० वर मागू शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी अर्जांवर जाहीर झालेल्या एक लाख डॉलरच्या रकमेने सगळे हादरले आहेत, पण अमेरिकेतच राहून, स्टेटस टिकवून केलेल्या कंपनी-बदलाला ती लागू नाही असं यूएससीआयएसने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. नव्या कंपनीला हे ठाऊक नसेल तर तुम्ही सांगा.

म्हणून नवी कंपनी तयार असेल तर एच-१बी ट्रान्सफरच करा. कायद्याने ट्रान्सफरचा अर्ज पोचला की नव्या जागी काम सुरू करता येतं. मी मात्र जादा फी देऊन, प्रीमियमने भरून, पंधरा कामकाजी दिवसांत निकाल घेऊन, मगच राजीनामा द्यायला सांगते. नवी कंपनी एच-१बी करणारच नसेल आणि ऑफर खरोखर चांगली असेल, तर ईएडीवर जायला मी नाही म्हणत नाही. हजारो लोक असेच आहेत. अशा वेळी फक्त फाइल जास्त घट्ट हवी आणि ईएडी कार्डाची मुदत कधी संपते त्यावर डोळा हवा.

याच ठिकाणी तुमच्या पत्नीबद्दल. त्या ईएडीवर आहेत आणि इथले नियम अलीकडे कडक झाले आहेत. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरला की जुन्या कार्डाची मुदत आपोआप ५४० दिवस वाढायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना ती सवलत नाही. डिसेंबर २०२५ पासून नवीन कार्डही पाच वर्षांऐवजी अठरा महिन्यांचं मिळतं. म्हणजे जुनं कार्ड संपलं आणि नवीन हातात नसलं तर काम थांबवावं लागतं. मुदत संपायच्या १८० दिवस आधी अर्ज भरता येतो.

मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण माझ्या मते या घरात सगळ्यात नाजूक गोष्ट तीच आहे. २०२० मध्ये तो लहान असताना अर्ज भरला गेला, त्यामुळे कायद्याच्या हिशोबात त्याचं वय त्या अर्जावर थांबलेलं आहे. तो पुढे एकवीस ओलांडेल तरी तुमच्या अर्जासोबत चालेल. पण तुमचा आय-४८५ नामंजूर होऊन सगळं नव्याने करायची वेळ आली, तर ते थांबलेलं वय पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणून इतर कुणाला मी "बघू, आरएफई आली तर उत्तर देऊ" असं म्हटलं असतं, तिथे तुम्हाला सगळे कागद आधीच तयार ठेवायला सांगते.

तारीख जवळ आली आहे, मग अजून थोडं थांबावं का, असंही तुमच्या मनात असणार. तुम्हीच लिहिलं आहे की २०२२ मध्ये ईबी-२ मध्ये, म्हणजे तुमच्या मूळच्या वरच्या श्रेणीत, परत जायची विनंती केली होती आणि ती वेळेत झाली नाही. त्या उन्हाळ्यात ईबी-२ भारताची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोचली होती. माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी चांगल्या ऑफर नाकारल्या, का तर पुढच्या महिन्यात कार्ड येईल. ऑक्टोबरमध्ये तारीख १ एप्रिल २०१२ वर गेली, डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११ वर. त्यातले काहीजण अजून त्याच खुर्चीत बसून आहेत. तुमची तारीख करंट होऊन मुलाखतीचं किंवा मेडिकलचं पत्र हातात आलं असेल तर दोन-तीन महिने थांबणं शहाणपणाचं. नुसत्या व्हिसा बुलेटिनच्या, म्हणजे दर महिन्याच्या तारखांच्या तक्त्याच्या, अंदाजावर नोकरी ठरवू नका.

वाचणाऱ्यांत ज्यांचा आय-४८५ भरलाच गेलेला नाही असे बरेच असतील, कारण भारतीयांत तेच जास्त आहेत. त्यांना वरचं कलम २०४(जे) लागू नाही. नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावं लागतं, आणि आज त्याला दोन वर्षांच्या आसपास लागतात. पण जुनी प्रायॉरिटी डेट नव्या आय-१४० ला लागते, रांगेतली जागा जात नाही. त्यांनी एक आकडा पाठ ठेवावा: आय-१४० मंजूर झाल्यापासून १८० दिवस. माझ्याकडे एक तरुण आला होता, मंजुरीला १६३ दिवस झालेले, नवी कंपनी सोमवारी जॉइन व्हा म्हणत होती. मी त्याला तीन आठवडे मागून घ्यायला लावले. त्याच्या जुन्या मालकाने खरंच आय-१४० मागे घेतला, पण १८० दिवसांनंतर, आणि त्याच्या पुढच्या एच-१बी मुदतवाढीला काही झालं नाही. सोमवारी गेला असता तर तारीख राहिली असती, पण सहा वर्षांपुढच्या मुदतवाढीचा आधार गेला असता.

परत तुमच्याकडे येते. राजीनाम्याच्या आधी, अजून सगळ्यांशी गोड संबंध आहेत तोवर, पर्मची प्रत, आय-१४० च्या मंजुरीची प्रत, आय-४८५ च्या पावत्या, गेल्या काही वर्षांचे डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराच्या पगाराचे दाखले, आणि पे-स्टब जमवा. शेवटच्या मॅनेजरकडून, कामाचं वर्णन असलेलं अनुभवाचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. पुढे कधी नवं पर्म करायची वेळ आली तर या कंपनीतली सगळी वर्षं तुम्हाला अनुभव म्हणून दाखवता येतील, आणि ती मोजली जातील ती या पत्रावर. आय-१४० ची प्रत द्यायला कंपनी नाही म्हणत असेल तर भांडू नका. माहितीच्या अधिकारासारखा इथला कायदा आहे, त्याखाली यूएससीआयएसकडे अर्ज करून तुमच्या फाइलची प्रत मागता येते. कंपनी पर्मच्या वकिलाचा खर्च वसूल करू म्हणाली तर ऐकून घ्या आणि पैसे देऊ नका. जुलै २००७ पासून तो खर्च कंपनीनेच सोसायचा असा श्रम खात्याचा नियम आहे.

आज संध्याकाळी दोन कामं करा. पत्नीच्या ईएडीवरची शेवटची तारीख बघा, आणि पर्मच्या कागदावर एसओसीचा कोड शोधा. तो कोड आणि नव्या ऑफरमधलं कामाचं वर्णन इथे लिहा, नावं आणि कंपन्या गाळून. कुठल्या ओळी जुळतात आणि नव्या डायरेक्टरकडून काय लिहून घ्यायला हवं, ते मी सांगते.